काय सोडू ते कळवा

कारखान्याचा तळ
१२ नोव्हेंबर १९८६

गहिनीनाथ मास्तर, राम राम.

चौथीपर्यंत आपण एका पट्टीवर बसलो. मग तू मास्तर झाला आन् मी कोयता धरला. म्हणून तुला कागद लिहायचा म्हनलं की मला हासू येतं. माझ्या चुका काढत बसू नको बे, कागदात काय हाय ते बघ.

परळीच्या बोर्डिंगातून कागद आलाय. तितल्या रेक्टर जानकीबाई, त्यांच्या सहीचा. आपली शिवकन्या सहामाहीत तीन विषयांत नापास हाय. गणित, इंग्रजी आन् विज्ञान. बाई लिहितात, पोरगी वात्रट न्हाई, आजारी न्हाई, वही उघडून समोर बसती आन् नुसतीच बसती. वार्षिक परीक्षेत समद्या विषयांत पास झाली तर जागा राहील, न्हाई तर पुढच्या जूनपासून दुसरीला द्यावी लागंल. बोर्डिंग सहकारी संस्थेचं हाय, जागा फुकट हाय, मागनाऱ्या लई हाईत.

मी कागद चारदा वाचला. केसरला सांगितला तर ती मोळी बांधता बांधता म्हनली, "मग आना तिला फडावर. पुढच्या सालात ती चौदाची व्हईल. शहादेवच्या भावाकडून तिच्या लग्नाची इचारणा बी झालीया."

गहिन्या, तीन साल आमी हंगामाला निघालो की पोर तुझ्या घरी राहायची. तुझ्याच शाळेत ती पहिली यायची. शिरूरला परीक्षा दिली तवा एकवीस पोरींत ती पहिली आली आन् आपल्या भागाची एकच जागा तिला मिळाली. तू पेढे वाटले. मग आता असं कावून झालं? दिवाळीला बी ती तितंच होती, त्यामुळं तोंड बघून काय कळायचं ते बी कळलं न्हाई. तू इचार तिला. मला ती खरं सांगायची न्हाई, बापाला कोन सांगतं?

इकडं ऊस बारीक हाय. पाऊसच नव्हता. गावाकडं कसं हाय?

तुझा
राधाकिशन


हिवरदरा
२० नोव्हेंबर १९८६

चि. शिवकन्या, अनेक आशीर्वाद.

तुझ्या आप्पांचं पत्र आलं. सहामाहीचं कळलं. मी रागावलेलो नाही, हे आधी सांगतो, म्हणजे तू पुढचं न भिता वाचशील.

मला गुण विचारायचे नाहीत. तू अभ्यासाला बसतेस तेव्हा नेमकं काय होतं, ते पहिल्यापासून लिही. वही उघडल्यावर पहिलं काय करतेस, मग काय. खाडाखोड झाली तरी चालेल.

गावात विहिरींना पाणी नाही. शाळेच्या हौदात टँकर येतो. मारुतीच्या देवळात संध्याकाळी दिवा लावतो तेव्हा तुझी आठवण निघते.

तुझा
गुरुजी


परळी वैजनाथ
२ डिसेंबर १९८६

गुरुजींच्या पायी शिवकन्येचा नमस्कार.

तुम्ही पहिल्यापासून लिहायला सांगितलं म्हणून लिहिते.

इथं उठायची, प्रार्थनेची, जेवायची घंटा होते. अभ्यासाची पण एक घंटा होते, सातला. मग नऊपर्यंत काहीच नाही. कोणी सांगत नाही आता गणित काढा, आता ठेवा. मी इतिहास काढते. एक पान झालं की वाटतं गणित राहिलंय. गणित काढलं की वाटतं इतिहास अर्धा सोडला. मग पेन्सिलीला टोक करते. शेजारची गीता म्हणते, "तू काय टोकाचा कारखाना काढलाय का?" सगळ्या हसतात. मी पण हसते. तेवढ्यात नऊ वाजतात.

गुरुजी, मला येत नाही असं नाही. कुणी शेजारी बसून "हं, हे कर" म्हटलं की मी करते. पण नुसतं बसलं की सुरूच होत नाही.

आपल्या शाळेत तुम्ही टेबलावर पट्टी वाजवायचा. एकदा वाजली की सुरू, दोनदा वाजली की ठेवून पुढचं. मला कधी ठरवावंच लागलं नाही. शिरूरच्या परीक्षेत पण तुम्ही व्हरांड्यातून खोकायचा, तेव्हा मी पान उलटायचे. म्हणून सगळा पेपर वेळेत झाला. इथं सहामाहीला कोणी खोकलं नाही. गणिताच्या पहिल्याच उदाहरणावर मी पाऊण तास बसले.

आप्पाला सांगू नका. इथं कपडे वाळत घातले की वीज केंद्राची राख बसते, म्हणून मी आत वाळत घालते. बाकी जेवण चांगलं आहे.

तुमची
शिवकन्या


हिवरदरा
९ डिसेंबर १९८६

प्रिय राधाकिशन, सप्रेम नमस्कार.

पोरीने तुला सांगू नका म्हणून लिहिलं आहे. पण जे सांगायचं आहे ते तिचं नाही, माझं आहे. म्हणून तिचा शब्द मोडतो.

ती हुशार आहे, अभ्यास तिला येतो. अभ्यास सुरू कधी करायचा, सोडायचा कधी, आधी काय, मग काय, हे मात्र तिला येत नाही. ते मी तिला शिकवलं नाही. तीन वर्षं ते सगळं मीच केलं. चार वर्ग एका खोलीत, एकटा मास्तर. पट्टी वाजवून पोरं हलवायची सवय मला लागली. माझ्या वर्गात कमालीची शिस्त आहे असं तपासणीला आलेले साहेब म्हणायचे आणि मला बरं वाटायचं.

दुसरी गोष्ट अजून जड आहे. शिरूरच्या परीक्षेत मुलींना सोडायला आलेले मास्तर व्हरांड्यात उभे होते. मीही होतो. शिवकन्या एका प्रश्नावर अडकली की सोडत नाही हे मला माहीत होतं. म्हणून घरीच तिला सांगून ठेवलं होतं: मी खोकलो की पुढचा प्रश्न. त्या दोन तासांत मी सहा वेळा खोकलो. एकही उत्तर सांगितलं नाही. घरी येताना मनाला हेच सांगत आलो, की उत्तर कुठं सांगितलं, नुसती वेळ सांगितली. पण बाकीच्या वीस मुलींना कोणी वेळ सांगितली नव्हती.

परवा शिरूरला जाऊन विस्तार अधिकाऱ्यांना हे सांगितलं. ते हसले. म्हणाले, "गुरुजी, खोकल्याला कुठलं कलम लावू?" आणि चहा मागवला. मी तो प्यालो. शिक्षा झाली असती तर हलकं वाटलं असतं; नुसता चहा पिऊन परत आलो.

आता जे हातात आहे ते करतो. तिला दर आठवड्याला एक कार्ड पाठवीन. सोमवारी काय, मंगळवारी काय. वार्षिक परीक्षा तीस मार्चला सुरू होणार आहे, तोपर्यंत ती सावरेल.

केसरवहिनींना सांग, एवढ्यात काही ठरवू नका.

तुझा
गहिनीनाथ


कारखान्याचा तळ
२२ डिसेंबर १९८६

गहिनीनाथ, राम राम.

तुझा कागद केसरला वाचून दाखवला. खोकल्याचं आलं तवा ती आधी हासली, मग म्हनली, "त्या दुसऱ्या पोरींच्या आयांनी बी नवस केले असतील." मी बी कुनाला सांगायचो न्हाई. तू देवाफुडं रोज बसतो, तितं काय ते तू बघ.

पन मला तुझा राग दुसऱ्याच गोष्टीचा आलाय, आन् ती तुझ्या ध्यानात बी न्हाई.

शिवी आठ सालाची व्हती, तुझ्याकडं यायच्या आदी, तवा आमच्या संगं फडावर यायची. आमी नवराबायको उजाडायला जायचो. पाचटाच्या कोपीवर ती एकली, कडंवर धाकला भाऊ. तिला कोन सांगायचं? नळावर बायांची रांग लागायच्या आदी हंडा लावून ठिवायची, मग पोराला दूध पाजून निजवायची, तो निजला की चुलीला लागायची. पोरगं मधीच उठलं तर भाकर खाली उतरून ठिवायची, करपू द्यायची न्हाई. गाडी भरून आमी आलो की ताटात भाकर. एकदा पानी आलंच न्हाई, तर तिनं कांदा-भाकरीवर भागवलं आन् राखलेलं पानी बैलाला ठिवलं. मी इचारलं, "कावून गं?" तर म्हनती, "तुमी बोलून सांगताल तहान लागली म्हनून. त्याला बोलता येतंय का?"

आदी काय, मग काय, काय सोडायचं, हे तिला आठव्या सालात येत व्हतं, मास्तर. तुझ्या घरी तीन साल राहून ती ते इसरली. तू चांगल्यासाठी केलं, मला ठावं हाय. आमीच तुझ्या दारात आनून सोडली. पन आता तू कार्डं धाडनार म्हनतो. बे, पट्टी गेली आन् कार्ड आलं, यात फरक काय पडला?

तुला शिकवायची माझी लायकी न्हाई. मला वाटलं ते लिवलं.

राधाकिशन


हिवरदरा
५ जानेवारी १९८७

चि. शिवकन्या, आशीर्वाद.

तुझ्या आप्पांनी मला एक गोष्ट लिहिली आहे, तू लहानपणी कोपी कशी सांभाळायचीस ती. ते म्हणतात तेच खरं आहे. तुझं तुलाच ठरवता यायला हवं.

म्हणून अभ्यासाच्या आधी स्वतःला तीन प्रश्न विचारत जा. आज काय व्हायलाच पाहिजे? त्यातलं सगळ्यात जड कोणतं? आणि अडकले तर किती वेळ थांबून पुढे जाऊ? जड ते आधी घे. झाल्यावर पुस्तक मिटून, काय वाचलं ते भिंतीकडे तोंड करून सांग. सांगता आलं नाही तर ते झालेलं नाही.

हे सवयीचं व्हायला वेळ लागेल आणि आपल्याजवळ वेळ थोडा आहे. त्यामुळे तोपर्यंत सोबतचा तक्ता वापर. आजपासून एकोणतीस मार्चपर्यंत रोजचं काम लिहिलं आहे, विषय, धडा, उदाहरणांचे आकडे, किती वाजता काय. चार मोठे कागद झाले. तू नुसती तारीख बघायची आणि करायचं. विचार करत बसू नको.

तक्त्याचं आप्पांना कळवायची गरज नाही.

तुझा
गुरुजी


परळी वैजनाथ
८ फेब्रुवारी १९८७

गुरुजींच्या पायी नमस्कार.

तक्ता लई भारी आहे! मी पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलाय. सातची घंटा झाली की झाकण उघडते, तारीख बघते आणि सुरू. घटक चाचणीत गणितात वीसपैकी चौदा, विज्ञानात बारा मिळाले. इंग्रजीत सहाच. पण जानकीबाई म्हणाल्या, "शिवकन्याबाई, कुठल्या देवाला नवस केला?" मी सांगितलं, "पेटीतल्या." त्यांना काही कळलं नाही.

गीता रोज विचारते, माझ्यासाठी पण काढून मागव की एक. मी म्हटलं, तुझ्या गुरुजींना सांग.

तुमचे तीन प्रश्न विचारायला वेळ मिळत नाही. तक्त्यात सगळं आहेच.

इथली विहीर खोल गेलीय. आंघोळ एक दिवसाआड. काल रस्सीला अजून एक रस्सी जोडली तेव्हा बादली पाण्याला लागली.

तुमची
शिवकन्या


परळी वैजनाथ
२४ फेब्रुवारी १९८७

गुरुजी,

घाईत लिहिते. विहीर आटली. टँकर दोन दिवसांनी येतो आणि दीडशे मुलींना पुरत नाही. आज संस्थेची बैठक झाली. बोर्डिंग वीस मार्चला बंद करून सगळ्यांना घरी पाठवायचं ठरलंय. म्हणून परीक्षा तीस मार्चची नऊ मार्चला घेणार.

तुमच्या तक्त्याप्रमाणे नऊ मार्चपर्यंत माझा अभ्यास पुरा होत नाही. भूमितीचे दोन धडे, इंग्रजीचं सगळं व्याकरण, इतिहासाचा शेवटचा भाग, हे सगळं मार्चात आहे. चौतीस दिवसांचं काम राहिलंय आणि दिवस तेरा आहेत. मी झाकण उघडून चारही कागद पुन्हा पुन्हा बघितले. काय काढायचं ते मला समजत नाही. सगळंच तुमच्या अक्षरात आहे, सगळंच महत्त्वाचं वाटतं.

कृपा करून उलट टपाली लिहा. नवा तक्ता नसला तरी चालेल. फक्त काय सोडू ते कळवा. एका विषयात जरी गेले तरी जागा जाणार. आईने शहादेवकाकांच्या भावाकडचं मनात ठेवलंय, ते मला माहीत आहे.

वाट बघते.

शिवकन्या


परळी वैजनाथ
१९ मार्च १९८७

गुरुजींच्या पायी साष्टांग नमस्कार.

उद्या आम्ही सगळ्या निघणार. मी मावशीकडे जाईन आणि आई-आप्पा हंगाम संपवून आले की गावाला. त्याआधी तुम्हाला लिहिलंच पाहिजे.

तुमचं पत्र आलं नाही. मी चार दिवस पोस्टमनमागे लागले. तो म्हणाला, "पोरी, मीच लिहून देऊ का तुला एखादं?" मला रडू आलं. त्या चार दिवसांत मी जुन्याच तक्त्याप्रमाणे करत राहिले, जसं काही परीक्षा तीसलाच आहे.

पाचव्या दिवशी टँकर आला नाही. जानकीबाईंनी आम्हा मोठ्या मुलींना बोलावलं आणि म्हणाल्या, "पिंपात एवढंच पाणी आहे. सांगा, कशाला वापरायचं?" कोणी काही, कोणी काही. मी म्हटलं, "प्यायला आणि लहान मुलींच्या भाताला. भांडी राखेने घासू, राख परळीत पुष्कळ आहे." बाई हसल्या. तसंच केलं. मग मी खोलीत आले आणि मला वाटलं, हे मला कसं सांगता आलं? इतके दिवस मी स्वतःला असं कधी विचारलंच नव्हतं.

मी तक्ता झाकणावरून काढला. मागच्या कोऱ्या बाजूला तुमचे तीन प्रश्न लिहिले. बाईंकडून मागच्या वर्षीच्या प्रश्नपत्रिका मागून आणल्या. सहामाहीचे गुण समोर ठेवले. इंग्रजीत मला सगळ्यात कमी होते. मग इंग्रजी रोज आधी घ्यायचं ठरवलं, डोकं ताजं असताना. भूमितीचे दोन धडे सोडून दिले. गुरुजी, तुमच्या अक्षरावरच मी काट मारली. इतिहासाचं फक्त ठळक वाचलं. पेपरात एका प्रश्नावर अडकले की मनात शंभरपर्यंत मोजायचे आणि पुढे जायचे.

आज निकाल सांगितला. मी सगळ्या विषयांत पास आहे. गणितात बेचाळीस, इंग्रजीत सदतीस. जागा राहिली. बाईंनी आप्पांना कार्ड टाकलंय.

पेपर चालू होता तेव्हा मला एकदम समजलं की तुम्ही पत्र मुद्दामच पाठवलं नाही. तुम्हाला माहीत होतं की तुम्ही लिहिलंत तर मी परत तुमचंच ऐकेन. आधी मला तुमचा राग आला होता, त्याची माफी मागते. असं गप्प राहणं तुम्हाला किती जड गेलं असेल! गीताला सांगितलं तर ती म्हणाली, असे गुरुजी सगळ्यांना पाहिजेत.

तुमची
शिवकन्या


हिवरदरा
३० मार्च १९८७

चि. शिवकन्या, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी पुस्तक मिटतो तसं ते मिटलं. तू पास झालीस याचा आनंद किती झाला हे लिहायला बसलो तर बाकीचं लिहायचं राहून जाईल, आणि बाकीचंच आज लिहायचं आहे.

मी मुद्दाम गप्प राहिलो नव्हतो.

एकोणीस फेब्रुवारीला मला दुष्काळाच्या कामावर धाडलं. आष्टीकडे खरेदी-विक्री संघाने गुरांची छावणी उघडली होती, तिथे नोंदवही सांभाळायला. सव्वीस मार्चपर्यंत मी तिथे होतो, रोज सकाळी गुरं मोजत. शाळेला कुलूप होतं. पोस्टमनने तुझी दोन्ही पत्रं दाराच्या फटीतून आत सरकवली. चोवीस फेब्रुवारीचं आणि एकोणीस मार्चचं पत्र मी एकाच दिवशी, एकापाठोपाठ एक वाचलं.

तुझं दुसरं पत्र वाचल्यावर दोन दिवस माझ्या मनात हेच होतं की काही न बोलता राहावं. तू मला जे दिलंस ते घ्यावं. तू जे समजलीस त्यात तुझं काही नुकसान नाही, माझी मान ताठ राहते. मारुतीपुढे दिवा लावायला गेलो, वात पेटवली आणि तसाच परत आलो, तिथे उभं राहता येईना. शिरूरला जे केलं तेही असंच होतं; तुझंच भलं म्हणून मी स्वतःला समजावलं होतं.

तुला अजून एक सांगायचं आहे. तुझं पहिलं पत्र मी वाचलं तेव्हा दुसरं अजून फोडलं नव्हतं. परीक्षा होऊन गेली होती हे तारखेवरून कळत होतं. तरी माझा हात थांबला नाही. मी कागद ओढला आणि उत्तर लिहायला घेतलं, काय धर, काय सोड. पत्र वेळेवर मिळालं असतं तर त्याच दिवशी जे पाठवलं असतं, तेच. अर्धं पान झाल्यावर भानावर आलो आणि मग तुझं दुसरं पत्र उघडलं.

तुझ्या आप्पांनी डिसेंबरात मला सांगितलं होतं. मी मान हलवली आणि तुला चार कागदांचा तक्ता पाठवला, वर त्यांना कळवू नको म्हणालो. तेही त्यांना आज लिहीत आहे.

जूनमध्ये तू परळीला जाशील. मी तक्ता करणार नाही. तुझं पत्र आलं तर उत्तर देईन, पण तू काय ठरवलंस हे आधी लिहिलेलं असेल तरच.

ते अर्धं पान फाडायला घेतलं होतं. मग वाटलं, ते तुझ्याजवळ असावं. सोबत जोडलं आहे. भूमितीचे दोन्ही धडे पक्के कर असं मी त्यात लिहिलं आहे, आणि खाली, अधोरेखित करून: इंग्रजी आता तेरा दिवसांत होणार नाही, ते सोडून दे.

तुझा
गहिनीनाथ